सहा खाटांची खोली

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर इथला माणूस आयुष्यात एकच गणित शिकतो आणि तेच मरेपर्यंत सोडवत बसतो: जागा जितकी लांब तितकी स्वस्त. या गणितापायी दादरच्या चाळीतली माणसं डोंबिवलीला उतरली, मग कल्याणला, मग अंबरनाथला, मग सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आमच्या बदलापूरला. आता आमच्या सोसायटीतली पोरं वांगणी-नेरळकडे फ्लॅट बघताहेत. बिल्डरच्या जाहिरातीत मात्र लांब असं काही नसतंच. तिथे सगळं "स्टेशनपासून दहा मिनिटं". कशाने दहा मिनिटं, ते छापलेलं नसतं.

अशा माणसांनी परदेशात जायचं ठरवलं की त्यांची बोटं मोबाइलवर आपोआप 'किंमत: कमी ते जास्त' या ओळीवर जातात. आमचीही गेली. आमची म्हणजे तीन जोडप्यांची. एक आम्ही बदलापूरचे. दुसरे माझे साडू नाना आणि आमच्या हिची थोरली बहीण, ताई. नानांची सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली, त्यामुळे नळाची चकती बदलतानाही ते आधी चष्मा बदलतात. तिसरे माझे लोकलमधले दोस्त, उल्हासनगर कॅम्प नंबर चारचे. त्यांना सगळा डबा साईं म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. आणि त्यांच्या भाभी.

ठिकाण ठरवताना दुबई बाद झाली, कारण तिथे साईंचे एवढे नातेवाईक आहेत की हॉटेलात उतरलो असतो तर तीन घरं रुसली असती आणि नातेवाइकांकडे उतरलो असतो तर आम्ही. बँकॉकचं नाव पुरुषांनी काढलं, ते बायकांना ऐकूच गेलं नाही. मग नाना म्हणाले, "ताश्कंद. शास्त्रीजींचा पुतळा आहे तिथे." पुतळा बघायला परदेशात कोणी जात नाही, पण व्हिसा घरबसल्या, वीस डॉलरांत. नानांची देशभक्ती अशीच, नेहमी परवडणारी असते.

हॉस्टेलची जाहिरात वाचताना माझा ऊर भरून आला. 'घरगुती वातावरण', 'शांत परिसर', 'मेट्रोपासून दहा मिनिटं'. आमचा बिल्डर ताश्कंदला पोचला होता. सहा खाटांची एक खोली होती, माणशी खाटेला रोज लाखभर सोम. लाख हा आकडा ऐकून ताई खुर्चीत बसल्या. मी समजावलं की रुपयाला दीडशेच्या आसपास सोम मिळतात, म्हणजे लाख सोम हे सहा-सातशे रुपये. ताई म्हणाल्या, "तरी शेगावपेक्षा महागच."

इथे सांगायला हवं की शेगावचं भक्तनिवास हे ताईंचं निवासाचं प्रमाणमाप आहे. एकदा त्या महाबळेश्वरच्या महागड्या हॉटेलात राहून आल्या, तेव्हा त्यांचा अभिप्राय होता, "बरं होतं, पण शेगावसारखी फरशी नाही."

दिवाळी उरकून, उरलेला फराळ बांधून आम्ही निघालो. ताश्कंदच्या विमानतळावर साईंनी आमच्या सगळ्यांचे मिळून आठशे डॉलर मोडले. डॉलरला साडेबारा हजार सोम. हातातल्या पुडक्यांकडे बघत साईंनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि भाभींना हाक मारली, "अगं, करोड झाले!" तीस वर्षं जीन्सचा धंदा करून जे झालं नाही ते खिडकीवरच्या पोरीने दोन मिनिटांत करून दिलं. हे कोट्यधीश मग बाहेर येऊन टॅक्सीवाल्याशी पाच हजार सोमवरून, म्हणजे तेहतीस-चौतीस रुपयांवरून, भांडले. शेवटी आम्ही बसने शहरात आलो आणि पुढे मेट्रोने गेलो.

ताश्कंदची मेट्रो १९७७ची. काही स्टेशनं इतकी देखणी की त्यांच्यापुढे आमच्याकडची लग्नाची हॉलं कळकट वाटावीत: झुंबरं, संगमरवर, कोरीव खांब. २०१८पर्यंत तिथे फोटो काढायलाच बंदी होती, त्याची भरपाई भाभींनी पहिल्याच स्टेशनावर केली. आमची ही चकचकीत फरशीवर पाऊल घासून म्हणाली, "इथेच पथारी पसरली तर?" ताईंनी खाली वाकून फरशी बघितली. शेगावचा उल्लेख झाला नाही. हा मोठाच सन्मान होता.

मेट्रोतून वर आलो आणि दहा मिनिटांचा अर्थ कळू लागला. दहा मिनिटं नुसता रस्ता ओलांडायला लागतात, कारण सोव्हिएत लोकांनी रस्ते रणगाड्यांच्या सोयीने आखलेले दिसतात. त्यानंतर चिलानझार वस्ती सुरू होते. १९६६च्या भूकंपात ताश्कंदचा मोठा भाग पडला, मग देशभरातून कामगार आणून शहर पुन्हा उभं केलं. एका साच्यातून काढाव्यात तशा चार-पाच मजली इमारती ओळीने लागल्या. मजले पाचच्या वर गेले तर लिफ्ट द्यावी लागते, म्हणून ते पाचच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, ही खुबी आमच्या नगरपालिकेच्या हद्दीतही ठाऊक आहे. सगळ्या इमारती सारख्या, सगळ्या जिन्यांची दारं सारखी. आणि पत्ता म्हणजे रस्त्याचं नाव नव्हे. वस्तीचा क्रमांक, मग इमारतीचा क्रमांक. नऊनंतर दहा येईल अशी काही हमी नाही. मोबाइलवरचा नकाशा एका बालवाडीच्या मागे घेऊन गेला आणि "आपण पोचला आहात" म्हणाला.

नाना नकाशाला दोष देत होते, मी नानांना. साईं मात्र बॅग खाली ठेवून शांतपणे इमारतींकडे बघत होते. ज्याचा जन्म 'कॅम्प, सेक्शन, बॅरेक नंबर' असल्या पत्त्यावर झाला, त्याला ही भाषा शिकवावी लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरली, तेच पुढे १९४९ साली उल्हासनगर झालं. साईंचे वडील त्यातलेच. एका लांबलचक बॅरेकीत मधे पोती आणि चादरी टांगून संसार मांडले होते. शेजारच्या घरात काय शिजलंय हे विचारायची पद्धत नव्हती, ते नाकाला कळायचं. "लष्कराचा नंबर असाच असतो," साईं म्हणाले, "पुढून लावत जातात, विसरतात, मग मागून लावतात." ते मागच्या बाजूला गेले आणि पाचव्या मिनिटाला एका खिडकीतून हात हलवू लागले. चौथ्या मजल्याच्या. लिफ्ट नव्हतीच.

वर दार उघडून एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. अंगाला फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल. त्यांना सगळे ओपा म्हणत, म्हणजे आपल्याकडचं अक्का. ओपांनी आमच्या चेहऱ्यांकडे न बघता सरळ पायांकडे बघितलं आणि बोट केलं. चपला-बूट बाहेर. दाराशी टोपलीत रबरी सपातांचा ढीग होता, त्यातल्या घालायच्या. एकही जोड जुळत नव्हता. नानांच्या वाट्याला एक निळी आणि एक गुलाबी, दोन्ही उजव्या पायाच्या. ताई मात्र खूश. "घरात बूट नाही. संस्कार आहेत," त्या म्हणाल्या आणि ओपांचं खातं त्यांनी तिथेच उघडलं.

मग पासपोर्ट जमा. या देशात पाहुणा कुठे उतरला याची नोंद सरकारदरबारी करावी लागते, ती हॉटेलवाल्याने करायची. ओपांनी एकेक पासपोर्ट उघडून फोटो आणि चेहरा असा ताळा केला. माझ्या फोटोत केस आहेत. ओपांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि एक उसासा टाकला, तो उझबेक भाषेत होता तरी समजला.

खोली पाहून साईंना भरून आलं. तीन दुमजली लोखंडी खाटा, मधे एक माणूस आडवा चालू शकेल एवढी जागा, आणि प्रत्येक खाटेला पडदा. "अरे, हे तर माझं माहेर!" ते म्हणाले. पण वरच्या खाटांवर कोणी जायचं? नानांचे गुडघे, साईंची कंबर, माझा रक्तदाब अशी तिन्ही प्रमाणपत्रं सादर झाली. बायकांनी ती वाचूनही न बघता खालच्या तिन्ही खाटांवर पर्स, शाल आणि फराळाचा डबा ठेवून टाकला. आयुष्यभर लेडीज डब्यात जागा धरलेल्या बायका त्या. आम्ही तिघं शिडी चढलो. नाना अर्ध्यावर थांबून शिडीचे स्क्रू तपासत होते. एक ढिला होता, तो त्यांनी नाण्याने आवळला तेव्हा कुठे वर गेले.

रात्री कळलं की खोली तापते. नोव्हेंबर, बाहेर बोचरी थंडी, आणि खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर असा तापलेला की त्यावर पापड भाजून निघावा. सोव्हिएत व्यवस्थेत ऊब मध्यवर्ती: शहराच्या कारखान्यात पाणी तापतं, पाइपांतून घरोघर फिरतं, आणि किती तापवायचं हे तुम्ही ठरवत नाही. नाना खाली उतरले आणि गुडघ्यांवर बसून पाइपावर हात फिरवू लागले.

"नाना, काय शोधताय?"

"व्हॉल्व्ह."

"नसेल."

"असं कसं नसेल? पाइप आहे म्हणजे व्हॉल्व्ह असणार."

व्हॉल्व्ह नव्हता. ज्या माणसाने पस्तीस वर्षं प्रत्येक पाइपाला व्हॉल्व्ह लावला, त्याच्यासाठी हा सोव्हिएत संघ कोसळण्यामागचं कारण सापडल्याचा क्षण होता. ओपांना उठवून विचारलं तेव्हा त्यांनी फोनमधल्या दुभाष्याला काहीतरी सांगितलं; फोन म्हणाला, "गरम असेल तर खिडकी उघडा. थंड असेल तर खिडकी बंद करा." साईंनी खिडकी उघडली. ताईंनी बंद केली. साईंनी उघडली. भाभींनी मधला मार्ग काढला: खिडकी उघडी, पण साईं खिडकीच्या बाजूच्या खाटेवर.

मग दिवे गेले आणि नाना घोरू लागले. नानांचं घोरणं साधं नाही. त्यात कारखान्याची पहिली पाळी, दुसरी पाळी आणि भोंगा असं सगळं आहे. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाकडून साईं सामील झाले. मी मधल्या वरच्या खाटेवर. सकाळी आमची ही स्वयंपाकघरात चहा घेत होती तेव्हा शेजारच्या खोलीतला एक दाढीवाला जर्मन पोरगा तिच्यासमोर बसला होता. दोघांचे डोळे सारखेच लाल. पोरगा सायकलवरून चीनच्या बाजूने निघून पामीर ओलांडून आलेला, आता घरी चाललेला. त्याने खिशातून दोन नारिंगी स्पंजची बुचं काढली, कानाकडे बोट केलं आणि हिच्या हातावर ठेवली. नवीकोरी. हिने त्याला चकली दिली. भारत-जर्मनी संबंध याहून मोलाच्या पायावर उभे राहिलेले मला माहीत नाहीत.

स्नानगृहं दोन आणि हॉस्टेलात माणसं पंधरा-वीस, त्यामुळे सकाळची रांग आम्हाला परकी नव्हती. खरा प्रश्न मगाचा होता. त्या देशात सगळं मिळतं, पण संडासात मग मिळत नाही. ताईंनी बॅगेत उल्हासनगरच्या बाजारातला एक हिरवा प्लास्टिकचा मग आणला होता, एकच. पहिल्या सकाळी तो कुणाकडे आहे यावरून दारावर थापा पडल्या. दुसऱ्या सकाळी नानांनी डायरीत रकाने पाडले: नाव, घेतल्याची वेळ, परत केल्याची वेळ, सही. भाभींनी सही करायला नकार दिला.

स्वयंपाकघर सामाईक होतं आणि तिथेच आमच्या बायकांनी ताश्कंद जिंकलं. इथल्या पुलावात मेंढीची चरबी, सूपात मटण. शाकाहारी म्हटलं की वाढपी कौतुकाने बघतात आणि मटण बाजूला काढून तोच रस्सा पुढे ठेवतात. म्हणून ताईंनी ओट्याचा ताबा घेतला आणि पिठल्याला फोडणी दिली. मोहरी, हिंग, लाल तिखट. दोन कोरियन मुली खोकत बाहेर पळाल्या. ओपा धावत आल्या, वर बघितलं, धुराचा भोंगा वाजत नाही याची खात्री केली आणि मग झाकण उघडून वास घेतला. जर्मन पोराने तीन वेळा घेतलं.

"किती महिने झाले घर सोडून?" ताईंनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"सात."

"आई काय म्हणते?"

पोराने चमचा खाली ठेवला. बहुधा पामीरच्या घाटातही त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्या संध्याकाळी तो व्हरांड्यात फोनवर बराच वेळ बोलताना दिसला, आणि ताईंनी त्याला आणखी एक भाकरी टाकली.

ओपांशी भावाची बोलणी करायचा मान साईंचा. त्यांचं अस्त्र होतं राज कपूर. 'आवारा' सोव्हिएत देशांत १९५४ साली लागला आणि तिथल्या बायकांच्या दोन पिढ्या त्याच्यामागे वेड्या झाल्या. पुढे मिथुनच्या 'डिस्को डान्सर'ने तिसरी पिढी वेडी केली. साईंनी नुसतं "राज कपूर" म्हटलं आणि ओपांचा चेहरा सत्तरीतून सतराव्या वर्षात गेला. छातीवर हात ठेवून त्या काहीतरी गुणगुणल्या. साईंनी लोखंड तापलेलं बघून फोनमधल्या दुभाष्याला सांगितलं, "राज कपूर पेशावरचा, माझे वडील सिंधचे. जवळजवळ शेजारीच. घरच्या माणसाला भाव कमी करा."

ओपांनी विचार केला. फोन म्हणाला, "राज कपूरसाठी चहा फुकट. खाट नाही."

एक दिवस समरकंदला गेलो. अफ्रासियाब नावाची वेगवान गाडी आहे, २०११पासूनची. तीनशेवर किलोमीटर दोन तास आणि काही मिनिटांत. सिग्नल पडला तर तेवढ्या वेळात आम्ही ६८ किलोमीटर करतो. रेगिस्तान चौक बघून आम्ही सगळे गप्प झालो, नाना सोडून. त्यांनी पाटी वाचली: उलुगबेगाचा मदरसा, १४२०. "आमचं अंबरनाथचं शिवमंदिर १०६०चं," ते म्हणाले. बाकीचे दोन मदरसे सतराव्या शतकातले. "१०६०," नाना म्हणाले. तैमूरची कबर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची. नाना काही बोलले नाहीत, नुसती तीन बोटं दाखवली: तीन शतकांहून पुढे. साईंचं लक्ष दुसरीकडे होतं. मदरशाच्या अंगणाभोवती विद्यार्थ्यांच्या राहायच्या खोल्या आहेत, आता त्यांत भेटवस्तूंची दुकानं थाटलीत. साईंनी एकीत शिरून भिंत ठोकून बघितली. "सहाशे वर्षांपूर्वीचं हॉस्टेल," ते बाहेर येऊन म्हणाले, "आणि भिंत बघ केवढी जाड. शेजारी नाना झोपले तरी चालतील."

पुढे बुखाऱ्याचा बेत होता. तिथे ११२७ सालचा एक उंच मिनार आहे, त्याचं नाव कल्याण. म्हणजे बदलापूरकर जगात कुठेही निघाला तरी वाटेत कल्याण लागतंच. सनावळीवर नाना खूश होते, सदुसष्ट वर्षांनी जिंकत होते. मग त्यांनी माहितीपुस्तिकेचं पान उलटलं. बुखाऱ्यात सामानी घराण्याची कबर आहे, दहाव्या शतकातली. नानांनी पुस्तिका मिटली, गुडघा चोळला आणि म्हणाले की प्रवास फार होतोय, ताश्कंदलाच परत जाऊ.

शेवटच्या संध्याकाळी नानांनी हिशोब मांडला. अमुक हॉटेलात उतरलो असतो तर किती, हॉस्टेलात किती, वाचले किती. आकडा वाचून दाखवताना त्यांचा आवाज थरथरला. मेट्रोपासूनच्या दहा मिनिटांपायी रोज रात्री टॅक्सीला किती गेले, हा रकाना त्यांनी पाडलाच नव्हता. तेवढ्यात बायका चोरसू बाजारातून परत आल्या. भाभींकडे अक्रोड, जर्दाळू आणि एक जीन्स. साईंनी जीन्स उलटी करून शिवण बघितली, धागा ओढला आणि मान हलवली. धंद्याचं गुपित म्हणून त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. आमच्या हिच्याकडे निळ्या नक्षीच्या चिनीमातीच्या ताटल्या. आणि दोन हमालांसारखे वाकून जर्मन पोरगा आणि ओपांचा नातू मागून वर आणत होते ती ताईंची बिडाची कढई. उझबेक लोक तिच्यात लग्नाचा पुलाव करतात. अंबरनाथच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात ती कुठे ठेवणार, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरताना नानांची वाचवलेली रक्कम पूर्ण गेली, वर थोडे साईंकडून उसने घ्यावे लागले. नाना चडफडले, "यापेक्षा चांगल्या हॉटेलात राहिलो असतो!"

"हॉटेल सकाळी अकराला सोडावं लागलं असतं," ताई म्हणाल्या. "कढई माझ्यामागेही राहील."

मग मग कुठे आहे याची चौकशी झाली. तो ताईंनी जर्मन पोराला देऊन टाकला होता, सायकलच्या मागे दोरीने बांधून, वापराच्या सूचनांसह.

विमान सुटायला वेळ होता. साईंचं बोट पुन्हा मोबाइलवर फिरू लागलं होतं. "पुढच्या वेळी अलमाटी," ते म्हणाले. "कझाकस्तानला चौदा दिवस व्हिसाच लागत नाही. आणि हे बघ, सहा खाटांची खोली, इथल्यापेक्षा स्वस्त."

आमच्या हिने पर्समधून नारिंगी बुचं काढून बघितली, पुन्हा नीट डबीत ठेवली आणि म्हणाली, "सहा खाटांची घ्या हवी तर. पण नानांसाठी समरकंदची ती जाड भिंतीची खोली बघा."